माहितीची भरती मंद कां होते?

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांतील राजूर हें कोळशाच्या खाणींचें आणि चुनाभट्ट्यांचें गांव. कोळसा आगगाडीनें धाडावयाचा तर वाघिणींची माळ जुळवून तिला एकदांच इंजिन जोडतात. प्रत्येक वाघिणीसाठीं निराळें इंजिन आणि निराळा हिरवा बावटा मागणारा कारकून तेथें चार दिवसही टिकावयाचा नाहीं. संगणकाच्या माहितीकोठारांत मात्र असा कारकून वर्षानुवर्षें सुखानें नांदतो. आणि लाखों नोंदी भरण्याचें काम रेंगाळलें कीं दोष यंत्राच्या माथीं मारला जातो.

माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली. सात-बाराचा उतारा हें तिचें घरगुती उदाहरण समजावें. गांव नमुना सातमध्यें जमिनीचे हक्क, बारामध्यें पिकें. आणि दोहोंना सांधणारा गट क्रमांक. समजा, एखाद्या तालुक्याच्या अशा नोंदी एका डेटाबेसमधून दुसऱ्यांत न्यावयाच्या आहेत. एकेक ओळ धाडून प्रत्येक वेळीं ती ‘कमिट’ केली, तर सर्व्हर ती नोंद डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकती सेकंदाला १२० वेळां फिरते. मध्यें दुसरी सोय नसेल, तर सेकंदाला सुमारें १२० कमिट एवढीच तिची धांव. या हिशेबानें एक लाख नोंदींना चौदा मिनिटें लागतात आणि एक कोटीला जवळजवळ तेवीस तास! हजारों ओळींचा एकच व्यवहार केला, किंवा पोस्टग्रेसमधील ‘कॉपी’, मायएसक्यूएलमधील ‘लोड डेटा’ यांसारखी घाऊक आज्ञा वापरली, कीं हा खोळंबा बहुतांशीं सरतो.

तरीही काम मंदच राहिलें तर? अशा वेळीं नवा सर्व्हर मागण्याची घाई होते. ती बहुधा व्यर्थ असते. आधीं घड्याळ लावावें. पहिल्या दहा हजार ओळींना लागलेला वेळ व शेवटच्या दहा हजारांना लागलेला वेळ ताडून पाहावा. दोन्ही सारखेच असतील, तर विलंब कमिटमध्यें किंवा जाळ्यावरील येरझाऱ्यांत शोधावा. कोष्टक फुगत जाईल तसतसा वेळही वाढत असेल, तर संशय इंडेक्सवर घ्यावा. प्रत्येक नव्या ओळीबरोबर प्रत्येक इंडेक्सांतही तिची जागा शोधावी लागते; इंडेक्स स्मृतींत मावेनासा झाला कीं प्रत्येक शोधासाठीं डिस्ककडे धांव घ्यावी लागते. म्हणून दुय्यम इंडेक्स आधीं काढून भरतीनंतर एकदमच बांधणें स्वस्त पडतें. मात्र कोटि ओळींच्या कोष्टकांत चार-दोन हजारांचीच भर घालावयाची असेल, तर हा उपाय रोगापेक्षां जड!

खरा धोका याच्या पुढें आहे. वेगाच्या लोभानें कोष्टकांमधील नात्यांची तपासणीही बंद ठेवतात. ती पुन्हां सुरू केली कीं मागील ओळी आपोआप तपासल्या जातील, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. मायएसक्यूएलमध्यें परकीय किल्लीची तपासणी पुन्हां चालू केल्यानें आधीं शिरलेल्या ओळी पारखल्या जात नाहींत. पोस्टग्रेसमध्यें ट्रिगर बंद करून पुन्हां सुरू केले तरी तोच प्रकार. तेथें बंधन समूळ काढून भरतीनंतर नव्यानें घालावें. मग सर्व ओळी तपासल्या जातात आणि एकही विसंगत निघाली तर बंधन बसतच नाहीं. हा नकार कितीही त्रासदायक वाटला, तरी तो मोलाचा आहे. ज्या मुलखांत खाणींसाठीं जमिनी घेतल्या जातात, तेथें हक्काच्या ओळीचा गट क्रमांक चुकला तर मोबदल्याच्या वेळीं शेतकऱ्यानें कोणाच्या दारीं जावें?

महाराष्ट्रांत संगणकीकृत सात-बाराचे २०१७ सालीं गांवोगांवीं चावडीवाचन झालें, तें याच जातीचें काम होतें: कोठारांत शिरलेलें शब्दशः वाचून धन्याकडून पारखून घेणें. कुशल कारागीर म्हणूनच माल प्रथम एका बिनबंधनाच्या तात्पुरत्या कोष्टकांत झपाट्यानें ओततो. तेथें गट नसलेल्या व दुबार आलेल्या ओळी वेगळ्या काढून उरलेल्या मूळ कोष्टकांत नेतो आणि इंडेक्स बांधतो. वेगळ्या काढलेल्या ओळी तो पुसून टाकीत नाहीं. त्यांची यादी तलाठ्याकडे जाते.