कृपेकडून नियमाकडे : न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि सरकारी सेवकाचा संसार
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



माळव्यातील मराठी वाचनालये कोणी जगविली, या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. राजेरजवाड्यांचा आश्रय काही ठिकाणी लाभला, व्यापाऱ्यांच्या देणग्याही मिळाल्या. परंतु महिन्याच्या महिन्याला वर्गणी भरणारा सभासद हा बहुधा पगारदार माणूस होता. शाळेतला मास्तर, कचेरीतला कारकून, टपालखात्यातला बाबू, नर्मदेपलीकडच्या हरद्याच्या स्टेशनावरचा रेल्वेचा नोकर आणि निवृत्तीनंतर सकाळचे वर्तमानपत्र शांतपणे वाचणारा पेन्शनर, यांच्या आधाराने ही कपाटे भरली. तेव्हा ज्या वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होतात, त्याने या पगारदाराच्या संसाराचे स्मरण करणे उचित आहे. आणि त्या संसाराला कायद्याचा आधार मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे अशा एका मराठी न्यायाधीशाचेही.

ते न्यायाधीश म्हणजे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. भारताचे सरन्यायाधीश म्हणून त्यांचे नाव सुशिक्षितांना ठाऊक आहे. परंतु पगाराच्या चिठ्ठीवर महागाई भत्त्याचा जो आकडा छापलेला असतो, त्याच्यामागील विचाराशी या नावाचे काय नाते आहे, हे तो आकडा रोज पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते.

त्यांच्या कामाचे मोल कळावयाचे तर आधीची स्थिती पाहिली पाहिजे. मराठ्यांच्या राज्यात लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशी देण्याची चाल होती. पेशवे दफ्तरात तिच्या नोंदी आहेत. ही चाल उदार होती यात शंका नाही. धन्यासाठी देह ठेवणाऱ्याचे घर उघडे पडू नये, ही जाणीव तीत होती. परंतु ती देणगी होती. ती कोणाला द्यावी, किती द्यावी, केव्हा थांबवावी, हे देणाऱ्याच्या मर्जीवर होते. पुढे होळकर आणि पवार यांच्या संस्थानी कारभारात नेमावर, कन्नोद, खातेगाव, देवास, धार येथील नोकरवर्गाचे जीवन बव्हंशी याच मर्जीच्या सावलीत गेले. चांगला अधिकारी लाभला तर दिवस बरे, नाही तर अर्जावर अर्ज.

इंग्रजी अंमलात नियमांची पुस्तके आली. परंतु मूळ भूमिका फारशी बदलली नाही. १८७१ च्या पेन्शन कायद्याने सरकारी पेन्शनसंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. जिल्हाधिकारी किंवा तत्सम अधिकाऱ्याने दाखला दिला तरच न्यायालयाचे दार उघडावयाचे. तीस वर्षे चाकरी केलेल्या माणसाने सरकारदरबारी विनंती करावी, हक्क सांगू नये, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. कारकुनाच्या अर्जाची भाषाही त्यामुळेच ठरून गेली होती. ‘मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन’ या शब्दांशिवाय ती सुरू होत नसे.

अशा काळात, १६ मार्च १९०१ रोजी, सातारा येथे गजेंद्रगडकरांचा जन्म झाला. घराणे संस्कृत विद्येची परंपरा सांगणारे. त्यांचे थोरले बंधू अश्वत्थामाचार्य हे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक. प्रल्हादरावांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९२४ साली एम. ए. ची पदवी घेतली आणि १९२६ साली कायद्याची. ‘दत्तकमीमांसा’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या संपादनातून त्यांची शास्त्रीय बैठक दिसते. १९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९५७ च्या प्रारंभी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९६४ पासून मार्च १९६६ पर्यंत देशाचे सरन्यायाधीश होते. शास्त्रग्रंथांत रमणारा हा पंडित मजुराच्या वेतनाचा आणि शिपायाच्या नोकरीचा विचार त्याच बारकाईने करू लागला, ही मराठी विद्वत्तेच्या इतिहासातील मोठी आनंदाची गोष्ट आहे.

या विषयातील पहिली मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली ती बँक कर्मचाऱ्यांच्या वादातून. १९५४ साली केंद्र सरकारने बँक नोकरांसंबंधीच्या न्यायाधिकरणाच्या निर्णयात फेरफार केले. त्यावरून श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सरकारने आयोग नेमला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष त्याचे प्रमुख होते. परंतु काम चालू असतानाच त्यांचे निधन झाले आणि ती धुरा गजेंद्रगडकरांकडे आली. १९५५ साली त्यांनी अहवाल दिला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून त्याला बळ दिले. एका मंत्र्याला पद सोडावे लागावे इतका तापलेला वाद आकडेमोड, पुरावा आणि दोन्ही पक्षांची बाजू ऐकून घेण्याची तयारी यांच्या आधारे मिटू शकतो, हे या प्रसंगाने दाखविले.

सर्वोच्च न्यायालयात आल्यावर वेतनाच्या प्रश्नाला त्यांनी तत्त्वाची बैठक दिली. क्राउन ॲल्युमिनियम वर्क्सच्या खटल्यात प्रश्न असा होता की, धंद्याची स्थिती खालावली तर ठरलेले वेतन कमी करता येते काय? त्यांनी दिलेला निर्णय एकतर्फी नव्हता. परिस्थिती तशीच असेल तर वेतनाची रचना बदलता येईल. मात्र एका पातळीच्या खाली कोणालाही जाता येणार नाही, आणि ती पातळी म्हणजे माणसाला जगण्यापुरते लागणारे किमान वेतन. तेवढेही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा अधिकारच नाही. मालकाच्या ऐपतीचा विचार करावयाचा, परंतु तो या रेषेच्या वर, असे त्यांच्या विचाराचे सूत्र सांगता येईल.

हे किमान कोणाचे मोजावयाचे? १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे उत्तर दिले होते, ते येथे आठविले पाहिजे. मिळविता एक असला तरी हिशेब त्याच्या कुटुंबाचा धरावयाचा. तीन पूर्ण माणसांचा आहार, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडे आणि सर्पण-दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के. पत्नीची किंवा मुलांची कमाई त्यात मोजावयाची नाही. म्हणजे पगार हा एकट्या नोकराचा नसून घराचा आहे, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे आकड्यांत मांडले गेले.

निवृत्तीनंतरच्या रकमेबाबतही गजेंद्रगडकरांची दृष्टी हीच होती. १९६१ च्या गारमेंट क्लीनिंग वर्क्सच्या खटल्यात ग्रॅच्युइटीचा प्रश्न होता. प्रॉव्हिडंट फंड मिळतो, मग ग्रॅच्युइटी कशाला, असे मालकाचे म्हणणे. ग्रॅच्युइटी ही खुशीची बक्षिसी नसून केलेल्या दीर्घ सेवेची कमाई आहे, आणि म्हणून दोन्ही मिळू शकतात, असा निर्णय झाला. बक्षिसी आणि कमाई हा भेद कानाला लहान वाटतो. परंतु बक्षिसी मागावी लागते आणि कमाई मोजून घेता येते.

प्रत्यक्ष सरकारी नोकराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल ५ डिसेंबर १९६३ चा. मोतीराम डेका हा ईशान्य सीमा रेल्वेतील एक शिपाई. रेल्वेच्या नियमांनुसार कायम नोकराला केवळ नोटीस देऊन काढता येत असे. चौकशी नको, कारण सांगणे नको. सात न्यायाधीशांच्या पीठापुढे हा प्रश्न आला आणि बहुमताचे मुख्य निकालपत्र गजेंद्रगडकरांनी लिहिले. कायम नोकराला निवृत्तीच्या वयापर्यंत पदावर राहण्याचा अधिकार आहे. त्याला मध्येच अशा रीतीने काढणे म्हणजे बडतर्फीच होय. आणि राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण डावलून ती करता येणार नाही. ते नियम रद्द ठरले. भत्ते आणि पेन्शन यांना अर्थ येतो तो नोकरी सुरक्षित असेल तर. उद्या काढून टाकलेल्या माणसाला पेन्शनची तरतूद कितीही उदार असली तरी काय उपयोग?

सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय पासष्ट वर्षांचे होते. विश्रांतीचा काळ, परंतु १९६६ हे वर्षच विश्रांतीचे नव्हते. लागोपाठ अवर्षण पडले होते. ६ जून रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले होते. धान्याचे भाव वाढत होते आणि पगार जागेवर होते. १९६० च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप होऊन गेला होता. त्याची आठवण ताजी होती. अशा वेळी केंद्र सरकारने महागाई भत्ता आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद गजेंद्रगडकरांना दिले. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद हीही त्यांच्याकडे होती.

महागाई भत्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झाला होता. परंतु तो वाढावयाचा कसा, हा प्रत्येक वेळी तंट्याचा विषय होई. भाव चढत, संघटना मागणी करीत, सरकार टाळाटाळ करी, मग मोर्चे, मग समिती, मग थोडीशी वाढ. मधल्या काळात घर चालविणाऱ्या गृहिणीने वाण्याकडे उधारी वाढवावयाची. १९६७ च्या मे महिन्यात सादर झालेल्या अहवालाने याला एक पद्धत सुचविली. ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढावी. ही सरासरी दहा अंकांनी वाढली की भत्त्याची फेररचना व्हावी. एखाद्या महिन्यात कांदा महागला म्हणून सरकारला ओझे नको, आणि वर्षभर भाव चढते राहिले तर नोकराला आंदोलनाची वाट पाहावयास नको. त्यातही भरपाईचे प्रमाण खालच्या पगारदारासाठी सर्वांत जास्त आणि वर जाताना उतरते. कारण ज्याचा सारा पगार धान्य-कापडात जातो त्याला महागाई पोटात टोचते.

या अहवालाने सारे समाधानी झाले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्रीय कर्मचाऱ्यांनी गरजेवर आधारित किमान वेतनासाठी पुन्हा एक दिवसाचा संप केला आणि अनेकांना त्याची किंमत मोजावी लागली. भत्ता ही भरपाई आहे, वेतनाच्या मूळ प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, ही कर्मचाऱ्यांची तक्रार निराधार नव्हती. तरीही पद्धत टिकली. पुढच्या वेतन आयोगांनी दहा अंकांचे आठ केले, चौथ्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, भत्ता वाढविण्याची रीत घालून दिली, पाचव्याने सर्व स्तरांना पूर्ण भरपाई देऊ केली. निर्देशांकाची पायाभूत वर्षे बदलत गेली. बारा महिन्यांच्या सरासरीचे तत्त्व मात्र अजून चालू आहे.

१९७१ ते १९७७ या काळात ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १९७२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दीड वर्षाने, १७ डिसेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा खटल्याचा निकाल दिला. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांना वाढीव पेन्शनपासून दूर ठेवणे न्यायालयाने अमान्य केले आणि पेन्शन ही कृपा नसून हक्क आहे, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांचे, पाच जणांच्या त्या पीठात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर हे दोन मराठी न्यायाधीश होते. तो दिवस आज देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. १९६१ साली ग्रॅच्युइटीच्या निमित्ताने जो भेद सांगितला गेला होता, तोच एकवीस वर्षांनी पेन्शनच्या बाबतीत कळसाला पोचला.

हा प्रवास संपला आहे असे मात्र नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून, मध्य प्रदेशात २००५ च्या प्रारंभापासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नोकरीस लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. अंशदानाची योजना आली. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय पुढे ठेवला. कोणती योजना राज्याच्या तिजोरीला झेपेल याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. गजेंद्रगडकरांनीही ऐपतीचा प्रश्न कधी टाळला नाही. परंतु त्यांच्या आयुष्यभराच्या कामातून एक कसोटी हाती लागते. योजना कोणतीही असो, तीत म्हाताऱ्या नोकराला किंवा त्याच्या विधवेला आपल्याला काय मिळणार हे आधी मोजता येते काय, की दरवेळी कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते?

या गावातील एखादी वृद्ध स्त्री महिन्याच्या प्रारंभी बँकेत जाते, पासबुकात नोंद करून घेते आणि कोणाचेही आभार न मानता घरी परतते. तिला गजेंद्रगडकर हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. आभार मानण्याची गरज तिला वाटू नये, यासाठीच तर हे सारे झाले. परतताना ती वाटेत या वाचनालयात डोकावून एखादे पुस्तक बदलून नेत असेल, तर या शताब्दीचाही तो एक सन्मान समजावा.