विद्यापीठ दारी येते तेव्हा



या शताब्दी समारंभात मला ‘विद्यापीठ आणि त्याच्या भोवतीचा समाज’ या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. हा विषय मोठा आहे. म्हणून मी एकाच गावाची हकिगत सांगणार आहे. ते गाव अमेरिकेत, अलाबामा राज्यात आहे. त्याचे नाव टस्कीगी. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे 1981 साली निघालेले पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल.

आपल्यासारख्या गिरमिटियांच्या वंशजांना त्या गावाची गोष्ट दूरची वाटू नये. आपले आजे-पणजे करारावर आले. एक दिवस कामावर गेले नाहीत तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. टस्कीगीच्या भोवतालचे काळे लोक गुलामांची मुले होती. 1865 साली गुलामगिरी संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. हे लोक ती वाट्याने कसत. बी-बियाणे आणि धान्य दुकानदाराकडून उधार घेत, आणि त्या उधारीपोटी उभे पीक गहाण पडे. हंगाम संपला तरी कर्ज संपत नसे. मालकाला आणि दुकानदाराला कापूसच हवा असे, म्हणून घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावला जाई. त्याने जमीन निकस झाली आणि खायला भाजी उरली नाही. कागदावर माणूस मोकळा, पण हिशेबाच्या वहीत बांधलेला. ही स्थिती आपल्या घरांतूनही ऐकलेली आहे.

या गावात शाळा कशी आली हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती कोणी दया म्हणून दिली नाही. ल्यूइस अ‍ॅडम्स नावाचा, गुलामीतून सुटलेला एक टिनाचे काम करणारा कारागीर तेथे होता. 1880 च्या निवडणुकीत उमेदवार काळ्या मतदारांची मते मागायला आला, तेव्हा अ‍ॅडम्सने त्या मतांच्या बदल्यात आपल्या लोकांसाठी शाळा मागितली. राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला 2,000 डॉलर मंजूर केले. 4 जुलै 1881 रोजी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सुमारे तीस विद्यार्थ्यांसह, एका चर्चजवळच्या मोडक्या खोपटात ती सुरू केली. ते स्वतः गुलामीत जन्मलेले होते. तीच शाळा आज टस्कीगी विद्यापीठ आहे.

वॉशिंग्टन यांनी 1892 साली आसपासच्या शेतकऱ्यांना एक दिवस बोलावले. पाऊणशे लोक येतील असा अंदाज होता, आले चारशेच्या घरात. त्या दिवशी प्राध्यापकांनी लांब भाषणे केली नाहीत. त्यांनी विचारले: तुमच्यापैकी किती जणांची जमीन स्वतःची आहे? किती जणांचे पीक गहाण आहे? तुमच्या गावची शाळा वर्षातून किती महिने चालते? शेतकरी उभे राहून उत्तरे देत होते. ही सभा पुढे दरवर्षी भरू लागली.

1896 साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तेथे शिकवायला आले. त्यांनी निकस जमिनीवर प्रयोग केले. चवळी आणि भुईमूग लावले की जमिनीचा कस परत येतो, आणि घरात खायलाही मिळते. विकतचे खत परवडत नसेल तर पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून घाला. त्यांच्या प्रयोगांचे निकाल छोट्या पुस्तिकांतून निघत. अशा 44 पुस्तिका निघाल्या. भाषा सोपी असे, आणि त्यांत घरधनिणीसाठी पाककृतीही असत.

पण ज्याला वाचता येत नाही त्याचे काय? आणि ज्याला एक दिवसही शेत सोडता येत नाही, तो सभेला कसा येणार? म्हणून 1906 साली शाळाच गाडीवर चढवली. न्यूयॉर्कचे मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, कार्व्हर यांनी आराखडा काढला, विद्यार्थ्यांनी गाडी बांधली आणि तिला खेचरे जोडली. नांगर, बियाणे, लोणी काढण्याचे यंत्र असे सामान तिच्यात असे. थॉमस कॅम्बेल हा तेथलाच शिकलेला तरुण ती घेऊन वाडीवाडीवर जाई. एखाद्याच्या अंगणात गाडी थांबे, शेजारी जमत, आणि त्याच शेतात नांगर धरून दाखवले जाई. पुढे मोटार आली, आणि तिच्याबरोबर परिचारिकाही फिरू लागली. 1923 च्या मोटारीसाठी काळ्या शेतकऱ्यांनीही वर्गणी दिली. ज्यांच्याकडे फार काही नव्हते त्यांनी वर्गणी दिली, याचा अर्थ ती गाडी त्यांना आपली वाटत होती.

1914 साली अमेरिकन सरकारने कायदा करून कॉलेजांतील शेतीचे ज्ञान गावोगाव पोहोचवण्याची व्यवस्था देशभर केली. टस्कीगीच्या गाडीने तो रस्ता आधीच दाखवला होता. मात्र दक्षिणेत त्या सरकारी पैशाचा मोठा वाटा गोऱ्यांच्या कॉलेजांच्याच हाती राहिला. आणि हेही खरे की गाडीने जमिनीचा कस वाढवला, पण जमिनीचा मालक बदलला नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, येथे भाषण संपवले असते तर ते गोड झाले असते. पण त्याच गावाची दुसरी हकिगतही आपल्याला माहीत असली पाहिजे.

1932 साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे डॉक्टर याच जिल्ह्यात आले. त्यांनी सुमारे 600 काळ्या पुरुषांची नावे नोंदवली. त्यांतील 399 जणांना उपदंश, म्हणजे सिफिलिस हा रोग होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. ‘रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतो’ एवढेच सांगितले. फुकट तपासणी, जेवण आणि अंत्यविधीचा खर्च एवढे देऊ केले. प्रत्यक्षात रोग न आवरता कसा वाढतो हे पाहायचे होते. 1940 च्या दशकात पेनिसिलिन हे खात्रीचे औषध मिळू लागले, तरी ते या माणसांना मिळू दिले नाही. हे चाळीस वर्षे चालले. 1972 साली वर्तमानपत्रांनी उघड केले तेव्हा थांबले. या कामी टस्कीगीच्याच संस्थेचे रुग्णालय वापरले गेले होते.

लोक का गेले? गरीब होते, डॉक्टर मिळत नव्हता, हे एक कारण. दुसरे कारण असे की त्या संस्थेवर त्यांचा विश्वास होता. ज्या दारातून बियाणे आले, परिचारिका आली, त्याच दारातून हेही आले. पन्नास वर्षांत कमावलेला विश्वास फसवणुकीच्या कामी आला. 1974 मध्ये अमेरिकेत माणसांवरील संशोधनासाठी कायदा झाला. 16 मे 1997 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हयात असलेल्यांची माफी मागितली, आणि 1999 साली संशोधनातील नीतीचा अभ्यास करणारे राष्ट्रीय केंद्र टस्कीगीतच उभे राहिले. ज्या जागी जखम झाली तेथेच हा अभ्यास सुरू झाला, हे योग्य झाले.

आता आपल्याविषयी. आपल्या पूर्वजांना जहाजातून उतरल्यावर आधी नंबर मिळाला, पुढच्या काळात फोटोही काढला गेला. तो त्यांच्यासाठी नव्हता, त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी होता. आज त्याच नोंदी मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत, आणि आपली मुले त्यांतून पणज्याचे गाव शोधतात. कागद तेच आहेत, पण आता ते आपल्या उपयोगी पडतात. रेद्वीच्या विद्यापीठाचे मूळही एका शेतकी शाळेत आहे, हे आपण विसरू नये. उसाच्या शेतातल्या माणसांचा त्याच्यावर हक्क आहे.

अलीकडे आपल्याकडेही अभ्यासक येऊ लागले आहेत. कोणी आजीची गाणी ध्वनिमुद्रित करतो, कोणी झाकरीचे चित्रण करतो, कोणी जुने कागद मागतो, उद्या कोणी रक्ताचा नमुनाही मागेल. त्यांना चहा द्या, बसवा, बोला. विद्या दारी आली तर दार लावू नये. पण तीन प्रश्न जरूर विचारा. तुम्ही नेमके काय शोधता आहात, ते आमच्या भाषेत सांगाल का? जे नेता त्याची प्रत आमच्या गावात, आमच्या मंडळात राहील का? आणि मधेच ‘नको’ म्हणायची मोकळीक आम्हाला आहे का? प्रामाणिक अभ्यासकाला या प्रश्नांचा राग येणार नाही.

आणि केवळ विचारून थांबू नका, मागा. अ‍ॅडम्सने शाळा मागितली म्हणून ती मिळाली. आपल्या मंडळाने विद्यापीठाकडे लिहून मागावे: आमच्या गावातील कुटुंबांच्या नोंदी एकत्र करून द्या. ज्येष्ठांच्या आठवणी टिपून घ्यायला आमच्याच मुलामुलींना शिकवा. छोट्या बागायतदाराची माती त्याच्या शेतावर येऊन तपासा. यासाठी वर्गणी लागली तर तीही देऊ. आपल्या पैशाची गाडी असली की ती कोठे न्यायची हे सांगण्याचा अधिकार आपल्याला राहतो.

आपले आजे अंगठा उठवून आले. कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना कोणी वाचून दाखवले असेल, नसेल. आपण वाचू शकतो. म्हणून सही करण्याआधी वाचणे, हे त्यांचे आपल्यावरचे ऋण आहे.