चष्म्यावरील धुकें

निफाडच्या बाजूस पौष महिन्यांत पहाटे पारा कधीं कधीं ५ अंशांच्याही खालीं उतरतो आणि द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. अशा वेळीं नाशिकच्या वाटेस लागलेला, चष्मा लावणारा दुचाकीस्वार हेल्मेटची कांच खालीं ओढतो, आणि चारदोन श्वासांतच समोरचा रस्ता नाहींसा होतो. बाहेरील धुकें आंत शिरलें असें त्यास वाटतें. वस्तुतः तें त्याच्याच नाकातोंडांतून निघालेलें असतें!

उच्छ्वास उष्ण व दमट, कांच थंडगार. दोहोंची गांठ पडतांच वाफेचे सूक्ष्म बिंदु कांचेवर जमतात व प्रकाश चोहोंकडे विखुरतात. गुलमर्गच्या बर्फावर स्की खेळावयास जाणाऱ्या चष्मेधारी नाशिककराची अडचणही हीच. तेथें चष्म्यावर गॉगल चढतो व घामाची वाफ दोन कांचांमध्यें कोंडते.

यावर साबणाचा उपाय जुना आहे. मुखपट्टी बांधणाऱ्या शस्त्रवैद्यांसाठीं तो २०११ सालीं इंग्लंडांतील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. चष्मा साबणाच्या पाण्यानें धुवावा, पाणी झटकावें व कांचा आपोआप वाळूं द्याव्या. साबणाच्या पातळ थरामुळें बिंदु न बनतां पाणी सपाट पसरतें, व आरपार दिसतें. दंतमंजन चोळण्याचा सल्ला कोणी देतात. त्यानें चष्म्यावर ओरखडे मात्र उठतील. गॉगलच्या आंतील बाजूस कारखान्यांतच लेप दिलेला असतो. तेथें साबण नको व बोटही नको. बर्फ गेलें तर झटकावें, ओल मऊ फडक्यानें टिपावी, घासूं नये.

परंतु औषधापूर्वीं वाफेस वाट हवी. मफलर नाकावर घट्ट गुंडाळला कीं सारा श्वास वर चष्म्याकडे वळतो. तो हनुवटीखालीं बांधावा. सिग्नलपाशीं हेल्मेटची कांच बोटभर उघडावी. गॉगल चष्म्यावर बसेल असा ऐसपैस, दुहेरी कांचेचा व वरखालीं झरोके असलेला घ्यावा. दुहेरी कांचेंतील आंतली कांच तितकी गार पडत नाहीं. लोकरी टोपीनें झरोके बुजवूं नयेत. विसाव्याच्या वेळीं गॉगल घामेजल्या कपाळावर सरकविण्याची संवय तर सर्वांत वाईट. तेथें त्यांत वाफच भरते.

आणि इतकें करूनही चालत्या गाडीवर दृष्टि झांकोळली, तर स्वारानें कांच पुसण्यासाठीं हात सोडूं नये. कांच वर करावी, वेग उतरवावा, मागील वाहनांस इशारा देऊन कडेला थांबावें, व मगच चष्मा काढावा.