स्वतंत्र डिझायनरचा व्यवसाय : कौशल्य आणि हिशेब

(कलाशिक्षक, विस्तार अधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिझाइन हा शब्द आता खेड्यातही परका राहिलेला नाही. लग्नपत्रिका, यात्रेचा फलक, पतसंस्थेचे बोधचिन्ह, बचत गटाच्या पापडाचे वेष्टन, शाळेचा वार्षिक अंक या सर्वांची मांडणी कोणीतरी केलेली असते. हे काम करणारा तरुण बहुधा कोठे नोकरीस नसतो. घरातल्या एका खोलीत संगणक ठेवून तो दहा ठिकाणची कामे घेतो. कौतुक करताना आपण त्याला कलावंत म्हणतो आणि पैसे देण्याची वेळ आली म्हणजे हौशी समजतो. आज मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीसंबंधी आहे.

चित्रकला शिकविण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ चे. राज्याचे कला संचालनालय १९६५ चे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये निघाली आणि पवईच्या आय. आय. टी.मधील औद्योगिक संकल्पन केंद्र १९६९ मध्ये. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा तर आपल्या गावोगावच्या शाळांतून दिल्या जातात. परंतु इंटरमीजिएटला उत्तम श्रेणी मिळविलेला मुलगा पुढे छपाईच्या दुकानात बसतो, तेव्हा कामाचा भाव कसा ठरवावा, लेखी काय घ्यावे, आपल्या चित्रावर हक्क कोणाचा, हे त्याला कोणी शिकविलेले नसते.

जिल्ह्याच्या गावी राहून मोठे काम होत नाही, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह आपण सर्वांनी पाहिले आहे. गांधीजींच्या चष्म्याची ती दोन भिंगे कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांनी काढली. २०१६ पासूनच्या नव्या मालिकेतील नोटांच्या मागील बाजूसही ते चिन्ह छापलेले आहे. एका वस्तूवरून एक संपूर्ण माणूस आणि त्याची शिकवण डोळ्यांपुढे उभी करणे, ही या चिन्हामागील करामत आहे. ती विचारातून आली. महागड्या यंत्रातून नव्हे.

आता कौशल्याकडे वळू. आपल्या मुलांनी सर्वप्रथम अक्षर शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. देवनागरीला शिरोरेखा आहे, वर वेलांटी व मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांची उतरंड. इंग्रजी मजकुराच्या मापाने दोन ओळींत अंतर ठेवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. गावातील निम्म्या फलकांवर हाच दोष दिसतो. संगणकावरील अनेक टंकांत ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात; मराठी वळण जाणीवपूर्वक निवडावे लागते. देवनागरी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा शासननिर्णय कार्यालयांत आहे, पण फलक रंगविणाऱ्यापर्यंत तो पोहोचलेला नाही. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक रचला. कमल शेडगे यांनी तर अनेक दशके मराठी नाटकांची नावे अशी रेखाटली की वृत्तपत्रातील जाहिरातीचे अक्षर पाहूनच नाटकाची जात कळावी. त्यांच्या कामाची कात्रणे जमवून वर्गात लावली, तरी मुलांना एका पुस्तकाइतके शिक्षण मिळेल.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी नाही. इंकस्केप, गिंप, स्क्रायबस ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. ‘मुक्त’सारखे चांगले देवनागरी टंकही मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. चोरून घेतलेल्या प्रणालीवर धंदा उभा करण्याचे कारण उरलेले नाही. मात्र छापखान्यातील उमेदवारीला पर्याय नाही. पडद्यावरील झगझगीत निळा कागदावर मळकट का उतरतो, कडेला तीन मिलिमीटर जादा रंग का सोडावा लागतो, हे कापणी यंत्राजवळ सहा महिने उभे राहिल्यावर जसे समजते तसे अन्यत्र समजत नाही.

बचत गटाच्या वेष्टनाचे उदाहरण थोडे विस्ताराने घेतो, कारण तेथे कला आणि व्यवहार एकत्र येतात. मसाल्याच्या पाकिटावर मिरच्यांचे सुंदर चित्र काढले म्हणजे काम संपले, असे नवशिक्याला वाटते. परंतु त्या पाकिटावर पदार्थाचे नाव, घटकांची यादी, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा दिनांक, कोणत्या तारखेपर्यंत वापरावे, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, अन्नसुरक्षा परवान्याचा अथवा नोंदणीचा क्रमांक आणि शाकाहाराची हिरव्या चौकटीतील हिरवी खूण, एवढे तरी यावे लागते. अंकांच्या किमान उंचीचेही नियम आहेत. या सर्वांना जागा देऊन उरलेल्या भागात मिरची बसवावयाची असते. पुढे छपाईचा प्रश्न येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीवर ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापावयाचे तर प्रत्येक रंगासाठी निराळे सिलिंडर कोरावे लागते, आणि हा खर्च हजारो पिशव्यांवर पसरला तरच परवडतो. ज्या गटाचा माल महिन्याला काही शेकडा पाकिटांचा आहे, त्याने साधी पिशवी घेऊन तिच्यावर दोन रंगांचे छापील लेबल चिकटवावे. हा सल्ला देणारा डिझायनर आपल्या शुल्कापेक्षा अधिक पैसे गटाचे वाचवितो. तो देण्यासाठी त्याने गटाच्या महिलांना खप किती, माल कोठे विकता, पाकीट किती दिवस टिकावे लागते, असे प्रश्न विचारलेले असले पाहिजेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज क्षणात मिरचीचे चित्र काढून देतात. हे प्रश्न कोणते विचारावयाचे आणि उत्तरांचा मेळ कसा घालावयाचा, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. ज्याचे कौशल्य केवळ सजावटीपुरते आहे, त्याचा निभाव यापुढे कठीण आहे, हेही मुलांना मोकळेपणाने सांगावे.

आता भावाचा हिशेब. समजा, एका तरुणाला घरखर्चास महिना २०,००० रुपये लागतात. संगणक ६०,००० रुपयांचा असून चार वर्षे चालणार, म्हणजे महिना १,२५० रुपये झिजेचे. वीज, इंटरनेट, प्रवास, दुरुस्ती यांचे ३,७५० धरले, तर एकूण २५,००० रुपये झाले. महिन्याचे कामाचे दिवस २५ असले, तरी निम्मे गिऱ्हाइकांच्या भेटी, दरपत्रके, दुरुस्त्या आणि वसुलीच्या फेऱ्या यांत जातात. मोबदला मिळतो तो साडेबारा दिवसांचा. म्हणजे दिवसाचा दर २,००० रुपये पडला, आणि चार दिवसांच्या बोधचिन्हाचे ८,००० रुपये. बाजारात त्याला ५०० रुपये देऊ केले जातात. या भावाने त्याला महिन्यात ५० बोधचिन्हे काढावी लागतील. तो ती काढीत नाही, इंटरनेटवरून उचलतो. सहकारी संस्थेचे चिन्ह दुसऱ्याच राज्यातील कारखान्याच्या चिन्हासारखे निघते, ते अशा हिशेबामुळे. शिक्षकांनी हे गणित कलेच्या तासाला फळ्यावर मांडण्यास हरकत नसावी.

व्यवहार लेखी असावा. काम काय, किती दिवसांत, शुल्क किती, त्यापैकी आगाऊ किती, दुरुस्त्या किती वेळा, एवढे एका कागदावर लिहून सही घेतली की निम्मे वाद मिटतात. अर्धी रक्कम आगाऊ आणि दोन वेळा दुरुस्ती हा प्रघात दोन्ही पक्षांस न्याय्य वाटतो. हक्कासंबंधी १९५७ चा कॉपीराइट कायदा पाहावा. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने काढलेल्या बोधचिन्हाचा वा मांडणीचा प्रथम मालक सामान्यतः तो स्वतःच असतो. नोकरीत केलेल्या कामाचे तसे नाही. हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर लेखी व सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. एखाद्या संस्थेने चिन्ह कायमचे हवे असूनही तसे लिहून घेतले नाही, तर अडचण संस्थेचीही होते. शासनाच्या आदेशाने व नियंत्रणाखाली केलेल्या कामाचा नियम निराळा आहे. उलट करार नसल्यास तेथे प्रथम मालकी शासनाकडे जाते. अधिकाऱ्यांनी हे काम देतानाच डिझायनरला सांगावे.

थकबाकी हा या धंद्याचा जुना रोग आहे. उद्यम नोंदणी विनामूल्य असून एकट्याने काम करणाऱ्यालाही करता येते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराची रक्कम, लेखी करार असला तरी, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत चुकती केली पाहिजे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तीन-तीन वर्षांची बिले फायलीत पडून राहणाऱ्या कार्यालयांनी हे कलम एकदा मोठ्याने वाचावे.

शेवटी गिऱ्हाईक म्हणून आपण काय करतो? कार्यालयांना बोधचिन्ह हवे असले की स्पर्धा जाहीर होते. शेकडो मुले रात्री जागवितात, एकाला बक्षीस मिळते आणि बाकीच्यांचे श्रम फुकट जातात. २०१० मध्ये मान्य झालेले रुपयाचे चिन्ह पवईच्या त्याच केंद्रातील डी. उदय कुमार यांनी केले. तीही स्पर्धाच होती. परंतु अंतिम फेरीतील पाचही जणांना मानधन ठेवलेले होते. पंचायतीला तेवढा खर्च झेपणार नाही. तिने पूर्वीचे काम पाहून दोघातिघांना बोलवावे, कच्च्या आराखड्याचे थोडे पैसे प्रत्येकास द्यावेत आणि मग एकाची निवड करावी. दुसरे असे की, फलकाचे दरपत्रक आपण चौरस फुटावर मागवितो. दुकानदार डिझाइन मोफत म्हणतो आणि त्याची किंमत छपाईत दडवितो. जो सर्वांत कमी वेळ देईल तोच मग सर्वांत स्वस्त ठरतो. पुढील वेळी छपाईचा दर वेगळा आणि संकल्पनाचा दर वेगळा मागवून पाहावा. यात्रेचा फलक, पाणीपुरवठ्याची सूचना, ग्रामसभेचे निमंत्रण अशी वर्षाची कामे एकत्र करून एकाच स्थानिक तरुणास दिली, तर त्यालाही वर्षभराचा आधार होईल आणि गावाच्या सर्व फलकांना एक वळण येईल.

माझा वेळ संपला आहे. करनोंदणी आणि शाळांतील प्रात्यक्षिकांसंबंधीचे प्रश्न आता घेऊ.