चित्रामागची भाकरी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आपल्या नांदेड-लातूरकडे एखाद्या घरातलं पोर चांगली चित्रं काढू लागलं, की आधी सगळ्यांना कौतुक वाटतं. पाहुणे आले की चित्रांची वही बाहेर निघते. आठवी-नववीत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा होतात, दहावीला त्यांचे जादा गुण मिळतात आणि बहुतेक घरांत चित्रकलेचं काम तिथंच संपतं. त्यानंतरही पोरानं रंगाची पेटी काढली, तर घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘चित्रं काढून पोट भरतं का?’

हा प्रश्न विचारणाऱ्यांना नावं ठेवायला मी इथं आलेलो नाही. ज्या भागात पाऊस ओढ देतो आणि एक पेरणी वाया गेली की वर्ष अवघड जातं, तिथं आईबापांनी पोटाचा विचार आधी करावा हे रास्तच आहे. ‘लातूर पॅटर्न’नं किती घरांतली मुलं डॉक्टर, इंजिनिअर झाली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं म्हणणं इतकंच, की या प्रश्नाचं उत्तर न शोधताच आपण ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. आज ते उत्तर शोधण्याचा थोडा प्रयत्न करू. आपल्या काळातल्या काही मोठ्या चित्रकारांनी पोट कशावर भरलं, आणि त्या पोटाच्या कामानं त्यांच्या कलेचं काय केलं, एवढंच पाहू.

सुरुवात मकबूल फिदा हुसेन यांच्यापासून करू. ते जन्मले १९१५ साली, आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात. आई अगदी तान्हेपणी गेली. पुढे वडिलांबरोबर इंदूरला गेले आणि तरुणपणी मुंबईत आले. मुंबईत त्यांनी काय केलं? सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. चौरस फुटावर मजुरी. नट-नट्यांचे दोन-दोन पुरुष उंचीचे चेहरे, ठरलेल्या वेळेत, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला लांबून दिसतील असे काढायचे. त्यानंतर काही वर्षं त्यांनी लहान मुलांच्या फर्निचरचे आणि खेळण्यांचे नमुने तयार केले.

आता त्यांची पुढची चित्रं आठवा. ठसठशीत काळी रेघ, मोठे सपाट रंग, आकाराची भीती नाही, आणि चार लोकांसमोर उभं राहून भराभर रंगवण्याची तयारी. हे त्यांना होर्डिंगच्या परातींवरच साधलं, असं म्हणायला जागा आहे. त्यांच्या ‘जमीन’ या चित्राला १९५५ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या जगण्याचे तुकडे शेजारी शेजारी मांडलेलं असंच एक लांबलचक चित्र त्यांनी १९५४ साली केलं, ‘ग्रामयात्रा’. एका परदेशी डॉक्टरांनी ते विकत घेतलं आणि ते कित्येक वर्षं नॉर्वेतल्या ऑस्लोच्या रुग्णालयात होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये आले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. हुसेन मात्र २०११ सालीच लंडनमध्ये वारले होते. ११८ कोटींचा आकडा आपण लक्षात ठेवतो, चौरस फुटाची मजुरी विसरतो.

दुसरं नाव शिल्पकार राम सुतार यांचं. धुळे जिल्ह्यातलं गोंदूर हे त्यांचं गाव, जन्म १९२५ सालचा. घरची परिस्थिती बेताची, घरात सुतारकामाचा वारसा. श्रीराम कृष्ण जोशी नावाच्या गुरुजींनी पोराचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. तिथं १९५३ साली त्यांना मेयो पदक मिळालं. पदक मिळालं म्हणून कुणी पुतळ्याचं काम देत नाही. ते १९५४ साली पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले, तेही आपल्या मराठवाड्यात. अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांमधली भंगलेली शिल्पं दुरुस्त करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. चार वर्षं ते त्यांनी केलं.

विचार करा, शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरानं केलेला हात तुटलेला आहे आणि तो असा जुळवायचा आहे की पाहणाऱ्याला खटकू नये. आपली हुशारी तिथं दाखवायची नसते. आधीच्या माणसानं दगड कसा धरला, छिन्नी कुठल्या बाजूनं चालवली, हे समजून घ्यावं लागतं. अशी शाळा पैसे मोजून मिळत नाही. त्यांना तर तिथं पगार मिळत होता. पुढे ते दिल्लीला गेले, तिथली सरकारी नोकरीही सोडली आणि स्वतंत्र काम सुरू केलं. चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणापाशी त्यांनी ४५ फुटी शिल्प उभं केलं. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधीजी त्यांचेच आणि २०१८ साली उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळाही त्यांचाच. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले. लेण्यांमधली चार वर्षं त्यांच्या चरित्रात एखाद्या ओळीत येतात, पण मराठवाड्यानं तरी ती ओळ जपून ठेवावी.

तिसरे प्रभाकर बरवे. अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६. जे. जे.मधून बाहेर पडल्यावर १९६१ साली ते सरकारच्या विणकर सेवा केंद्रात लागले. काम काय, तर हातमागावरच्या कापडासाठी नक्षीचे नमुने तयार करायचे. पहिली काही वर्षं बनारसला गेली, मग मुंबई. वीसएक वर्षं त्यांनी ही नोकरी केली. बनारसमध्ये त्यांना तांत्रिक परंपरेतल्या आकृत्या भेटल्या आणि त्यांच्या चित्रांत उतरल्या. पुढे त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, किल्ली, फळ अशा साध्या वस्तू मोकळ्या जागेत ठेवलेल्या दिसू लागल्या. कापडावर एक बुट्टी आणि दुसरी बुट्टी यांच्यामध्ये किती जागा सोडायची, हा विणकराचा रोजचा प्रश्न असतो. बरव्यांच्या चित्रांतही दोन वस्तूंमधली जागा फार बोलते. त्यांचं ‘कोरा कॅन्व्हास’ हे पुस्तक १९९० साली आलं. चित्रकारानं स्वतः मराठीत लिहिलेलं इतकं नितळ पुस्तक विरळाच. बरवे १९९५ साली वारले.

बरव्यांची आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्यांची अनेक मोठी चित्रं एनॅमल रंगातली आहेत. एनॅमल म्हणजे दारं-खिडक्यांना आणि दुकानाच्या पाटीला वापरतात तो चकचकीत रंग. आपल्याकडच्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरच्या डब्यात असतो, तोच. पेंटरच्या डब्याकडे आपल्याला पुन्हा यायचंच आहे.

बाईमाणसाचं काय, असं कुणी विचारील. नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या बी. प्रभा घ्या. मुंबईत येऊन त्यांनी खेड्यातल्या, कोळीवाड्यातल्या, कष्ट करणाऱ्या बायका रंगवल्या. दुष्काळ आणि भूक रंगवली. त्यांच्या चित्रांतल्या त्या उंच, सडपातळ, मुकाट बायका एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. एअर इंडियानं १९५६ साली त्यांची सहा चित्रं विकत घेतली, प्रत्येकी साडेसत्याऐंशी रुपयांना. आज ही रक्कम ऐकून हसू येईल, पण उमेदीच्या काळात चित्राला गिऱ्हाईक मिळणं म्हणजे पुढचे काही महिने रंग विकत घेता येणं.

आता खास लातूरकरांसाठी एक नाव. डॉ. सुधीर पटवर्धन. डॉक्टर ही पदवी पीएच.डी.ची नाही, खऱ्याखुऱ्या वैद्यकीची आहे. जन्म १९४९. पुण्याच्या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ साली डॉक्टर झाले. १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं त्यांनी ठाण्यात एक्स-रे तज्ज्ञ म्हणून काम केलं आणि त्याच तीस वर्षांत चित्रंही केली. ‘इराणी रेस्टॉरंट’, ‘ट्रेन’, ‘लोअर परळ’ ही त्यांच्या काही चित्रांची नावं. लोकलमध्ये उभे असलेले कामगार, चहा घेत एकटा बसलेला माणूस, गिरण्यांच्या जागी बदलत चाललेली वस्ती. दिवसभर ज्या माणसांच्या छातीचे आणि हाडांचे फोटो काढायचे, तीच माणसं चित्रांत आली. माणसाचं शरीर कुठं थकतं, खांदा कुठं वाकतो, हे त्यांच्या चित्रांत जसं दिसतं, तसं ते डॉक्टरलाच दिसू शकतं.

याच पटवर्धनांनी २००८-०९ मध्ये समकालीन चित्रकारांचं एक फिरतं प्रदर्शन आखलं आणि ते मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये नेलं. पुस्तकात अंगठ्याएवढं छापलेलं चित्र आणि भिंतीवरचं मूळ चित्र यात किती अंतर असतं, हे गावाकडच्या विद्यार्थ्याला कळावं, हा त्यामागचा विचार. तेव्हा घरात कुणी ‘डॉक्टर हो’ म्हणत असेल आणि पोराला चित्रकार व्हायचं असेल, तर दोघांनाही सांगण्यासारखं हे उदाहरण आहे.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, ज्यांना जमलं त्यांचीच नावं तुम्ही घेतलीत. ज्यांना नाही जमलं, त्यांचं काय? अगदी बरोबर. म्हणूनच मघाच्या पेंटरकडे वळतो.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. एके काळी या रस्त्यांवरच्या दुकानांच्या पाट्या हातानं रंगवलेल्या असत. नांदेडच्या वजिराबादेतही तेच. पत्र्याच्या पाटीवर आधी पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, दोरीला खडू लावून ती ताणून सोडली की सरळ रेघ उमटायची, मग त्या रेघांमध्ये अक्षरं बसवायची. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, चारही भाषा सफाईनं लिहिणारे हात आपल्याकडे होते. चित्राला चौकटी आखून छोट्या फोटोवरून मोठा चेहरा करायचे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या तंबूंचे फलक, निवडणुकीच्या भिंती, ट्रकच्या पाठी, शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा, सगळं याच हातांचं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव आणि पुढे ‘पेंटर’ हा शब्द. खेड्यातल्या कितीतरी पोरांनी जन्मात पाहिलेली पहिली चित्रकाराची सही हीच.

दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला. संगणकावर फोटो चिकटवायचा, यंत्रातून कापड बाहेर काढायचं, संध्याकाळी चौकात टांगायचं. जे काम दोन दिवसांचं होतं ते तासाभरात होऊ लागलं, स्वस्तातही होऊ लागलं. त्यात दुकानदाराची चूक नाही आणि यंत्राचीही नाही. पण ज्यांचा हात हेच भांडवल होतं, त्यांच्यापैकी कुणी घरं रंगवायला लागले, कुणी संगणक शिकून त्याच फ्लेक्सच्या दुकानात बसले, कुणी धंदाच सोडला. हुसेन आले होते त्या वाटेवरचाच हा पूल होता. होर्डिंग रंगवणारा पोरगा उद्या हुसेन होईलच असं नाही, पण होर्डिंगच उरलं नाही तर त्याला हात बसवायला जागा कुठली?

म्हणून मला वाटतं, घरातला तो प्रश्न आपण थोडा बदलून विचारावा. चित्रं काढून पोट भरतं का, याचं प्रामाणिक उत्तर असं आहे की नुसत्या चित्रांवर फार थोड्यांचं भरतं, आणि तेही उशिरा. हुसेन, सुतार, बरवे, पटवर्धन यांचंसुद्धा सुरुवातीला भरलं नव्हतं. प्रत्येकानं दुसरं काम धरलं, ते नीट केलं आणि त्या कामातलं शिक्षण चित्रांत आणलं. तेव्हा विचारायचंच असेल तर पोराला असं विचारा, ‘बाबा रे, पोटासाठी काय करणार आहेस? आणि चित्रासाठी रोजचा वेळ कधी काढणार आहेस?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे असेल, तर पहिल्याचं उत्तर शोधायला त्याला मदत करा.

आणि कामं आपल्या भागात नाहीत असंही नाही. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची मंदिरं, कंधारच्या भव्य मूर्तींचे अवशेष, औशाजवळची खरोसा लेणी. या सगळ्याची जपणूक करायला, नोंदीची रेखाटनं करायला जाणते हात लागणार आहेत. पुस्तकांना मुखपृष्ठं लागतात, शाळांना चित्रकला शिक्षक लागतात. एखाद्या संस्थेनं आपल्या सभागृहाची एक भिंत वर्षातून आठ दिवस गावातल्या चित्रकारांना दिली, तरी पुष्कळ होईल. गावात दुकान काढणाऱ्यानं एक पाटी हातानं रंगवून घेतली, तरी एका घरात त्या दिवशी चूल पेटेल आणि एक हात चालता राहील.

पुढच्या वेळी एखादं चित्र आवडलं, तर त्याची किंमत विचारण्याआधी ते काढणारा माणूस दिवसभर काय काम करतो, एवढं विचारून पाहा. चित्र अधिक कळेल, असं मला वाटतं.