धूम्रपान, दाह आणि हृदय
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



धूम्रपानाने फुफ्फुसे बिघडतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु फुफ्फुसात ओढलेला धूर हृदयास अपाय कसा करतो? याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्याच रक्तातील पांढऱ्या पेशींत आहे.

या पेशी आपल्या रक्षक. जंतूंच्या नाशासाठी त्यांच्याजवळ मायेलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. त्याचा रंग हिरवा. पुवास येणारी हिरवट छटा त्याचीच. हे विकर हायपोक्लोरस आम्ल तयार करते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर जंतू मारणारे द्रव्यही हेच! जंतूंवर हे अस्त्र योग्यच. पण रोज धूर आत जाऊ लागला की धमन्यांच्या अस्तरास इजा होते, पांढऱ्या पेशी वाढतात आणि जंतू नसतानाही दाह धुमसत राहतो. मग अस्त्र आपल्याच धमनीवर चालते. कोलेस्टेरॉल बाहेर काढणाऱ्या एचडीएल कणांतील प्रथिनेही त्याने निकामी होतात.

दुसरे विकर एमएमपी-९. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते अधिक आढळते. धमनीतील मेदाच्या थरावरील तंतुमय आवरण ते कुरतडते. आवरण फाटले की तेथे रक्ताची गुठळी होते, आणि सकाळी दुकान उघडणारा धडधाकट गृहस्थ दुपारी अतिदक्षता विभागात असतो.

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे छातीत दुखते म्हणून आलेल्या ६०४ रुग्णांचे रक्त तपासले गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचे मायेलोपेरॉक्सिडेज अधिक त्यांना पुढील सहा महिन्यांत धोकाही अधिक असल्याचे दिसले.

मग विकर रोखणारी गोळी का नाही? प्रयत्न झाले. दाहाशी संबंधित अशाच एका विकरास रोखणारे डॅराप्लॅडिब हे औषध दोन चाचण्यांत मिळून २८ हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यासले गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. अपेक्षित लाभ झाला नाही.

"डॉक्टर, दिवसाला एकच ओढतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. २०१८ मधील एका मोठ्या विश्लेषणानुसार वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा धोका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा एका सिगारेटनेच वाढतो. बिडी पानाची, म्हणून सौम्य, हाही भ्रमच. बावन्न देशांतील इंटरहार्ट अभ्यासात (२००६) धूम्रपान करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २.९५ पट, केवळ बिडी ओढणाऱ्यांत २.८९ पट, आणि नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत २.२३ पट आढळला. धूर नाही म्हणून तंबाखूची डबी निर्धास्तपणे खिशात बाळगणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा दोनदा वाचावा.

त्याच अभ्यासात, सोडल्यावर तीन वर्षांच्या आत हा धोका १.८७ पटीवर उतरलेला दिसला. सोडताना पहिले काही आठवडे चिडचिड होते, झोप उडते. त्या काळात घरच्यांनी टोमणे मारू नयेत, आणि निकोटिनची गोळी वा च्युइंगम वैद्यकीय सल्ल्याने घेण्यात संकोच मानू नये.