घरपट्टीचा आकडा आपणच तपासा
(अहेरी येथील सभेत झालेले भाषण)



आपण बैल विकत घेतो तेव्हा त्याचे दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. धान विकतो तेव्हा काट्यावरून नजर हलवीत नाही. पण घरपट्टीचे बिल दारात आले की मुकाट्याने पैसे मोजतो, नाहीतर कागद कवेलूखाली खोचून ठेवतो. दोन्हीत नुकसान आपलेच. पट्टी देऊ नका असे सांगावयास मी उभा नाही. दिवा, नाली, रस्ता यांना पैसा लागतोच. पण जितकी वाजवी तितकीच द्यावी, आणि वाजवी कोणती हे घरधन्याने स्वतः पाहावे.

अहेरीत २०१५ साली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली; म्हणून येथे १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू आहे. आलापल्लीसारख्या ग्रामपंचायतीच्या गावी १९५८ चा. येथे भाड्यावरून आकारणी असेल, तर घर भाड्याने दिल्यास वर्षाला जे वाजवी भाडे येईल त्यातून दुरुस्तीबद्दल शेकडा १० वजा करून करयोग्य मूल्य ठरते. ग्रामपंचायतीत क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घराचे वय आणि वापर यांवरून घराची किंमत काढून तीवर कर बसवितात. म्हणजे कोठेही झाले तरी मूळ माप चुकले की पुढचे सगळे चुकले.

माझ्याच घराची गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही. आम्ही सुतार. घर कुडाचे, वर कवेलू, पुढे ओसरी. लांबी २० फूट, रुंदी १५ फूट. म्हणजे ३०० चौरस फूट, मीटरमध्ये जेमतेम २८ चौरस मीटर. बिल फुगले म्हणून मी उतारा काढला, तो चौरस मीटरच्या रकान्यात ३०० लिहिलेले! कारकुनाच्या लेखणीने एका रात्रीत माझ्या खोपटाचा वाडा केला होता. शिवाय कुडाची भिंत 'विटा-सिमेंट' झाली आणि जेथे मी रंधा मारतो ती ओसरी दुकान झाली. लबाडी होती की हलगर्जी, देव जाणे. मी टेप धरून माप लिहिले, पोराकडून भिंतीचा फोटो काढविला आणि अर्ज दिला. घर पुन्हा मोजले गेले व आकडा खाली आला. वकील लागला नाही.

तेव्हा प्रथम आपल्या घराच्या आकारणीचा उतारा मागा. ग्रामपंचायतीत त्याला नमुना ८ म्हणतात. टाळाटाळ झाली तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपयांचे तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालच्यांस तेही नाही. मग लांबी-रुंदी, भिंत, छप्पर, वय, वापर हे एकेक ताडून पाहा. शेजारच्या तशाच घराची आकारणी काय आहे तेही विचारा. बुरडाने अंगणात टोपल्या विणल्या म्हणून अंगण कारखाना होत नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा.

मुदत मात्र सांभाळा. नगरपंचायतीची आकारणी यादी तयार झाली की जाहीर नोटीस लागते आणि हरकतीस निदान ३० दिवस मिळतात. हरकत लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सुनावणीस स्वतः जा. तोंडी तक्रारीला कचेरीत कान नसतात. पुढे अपील करावयाचे तर आधी हरकत घेतली होती काय व रक्कम भरली आहे काय हे पाहतात. ग्रामपंचायतीच्या बिलाविरुद्ध पंचायत समितीकडे अपील आहे. बिल मिळाल्यापासून ३० दिवस धरून चाला. पैसे भरतानाच 'हरकत राखून भरतो' असे लिहून द्या.

एक भीती घरोघरी ऐकू येते, विशेषतः विधवा बायांकडून. घर सासऱ्याच्या नावावर, तक्रार केली तर घरच जाईल! बायांनो, आकारणीची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. हरकत घेतल्याने घर जात नाही. आणि जास्त पट्टी भरल्याने घर अधिक पक्के आपले होते, असे समजणारे शहाणेही आपल्यात आहेत, त्यांनीही हे ऐकावे. घरात राहणाऱ्यालाही आकारणीविषयी बोलता येते. वारसाची नोंद हे काम निराळे, त्याचा अर्ज निराळा.

सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे. टेप आणि कोरे कागद आणले आहेत. ज्यांच्याजवळ बिल आहे त्यांनी घेऊन यावे. वाचता येत नसेल तर आपल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत आणावे, अर्ज तिच्याच हाताने लिहवू.